ई-रीडर घेताय? आधी पुस्तकांची यादी करा

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्यासाठी मी सहा इंची ई-रीडर घेतला. पडदा स्वच्छ, वजन हलकं, बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरणारी. मग तिने वहीचं पान फाडून त्यावर आठ पुस्तकांची नावं लिहून दिली. त्या यंत्राच्या ऑनलाइन पुस्तकदुकानात त्यांतली तीनच निघाली. दोन दुसऱ्या एका मराठी ॲपवर होती, पण ते ॲप या यंत्रावर चालत नव्हतं. ओळखीतल्या एकाने व्हॉट्सॲपवर उरलेल्यांच्या पीडीएफ पाठवल्या. उघडल्या तर पहिल्याच पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का, समासात कुणीतरी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आणि अक्षरं मोहरीएवढी. दोन पानं वाचून आई म्हणाली, "अगं, यापेक्षा मी लायब्ररीतूनच पुस्तक आणते."

त्यातल्या एका पुस्तकाच्या लेखिका हयात आहेत आणि ते पुस्तक बाजारात मिळतं, हे मला नंतर कळलं. पैसे वाचवायचे म्हणून मी ती पीडीएफ घेतली नव्हती. चुकीचं यंत्र घेऊन बसले होते म्हणून घेतली. मराठी वाचकाचं असं फार वेळा होतं. म्हणून यंत्र कसं निवडायचं आणि पुस्तकं कुठून घ्यायची, हे दोन्ही एकाच लेखात लिहिते आहे. यंत्र असं घ्या, की सरळ मार्गाने मिळणारी पुस्तकं त्यावर वाचता येतील.

हाताशी काय हवं

- येत्या वर्षभरात वाचायच्या पंधरा-वीस पुस्तकांची यादी
- संगणक आणि फाइली पाठवता येणारी यूएसबी केबल (काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांनी यंत्र संगणकाला दिसतच नाही)
- ई-पुस्तकं सांभाळण्यासाठी कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर
- एक-दोन युनिकोड देवनागरी फॉन्ट (युनिकोड म्हणजे अक्षरं साठवायची सगळ्या यंत्रांना समजणारी पद्धत)
- ईमेल, कार्ड किंवा यूपीआय
- जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व; त्यासाठी बहुतेक ठिकाणी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामत रक्कम लागते

१. यादीतल्या प्रत्येक नावापुढे ठिकाण लिहा

यंत्रांची परीक्षणं वाचण्याआधी हे करा. एका बाजूला पुस्तकांची नावं लिहा आणि पुढे पाच रकाने आखा: किंडल (ॲमेझॉनचं), बुकगंगा, गूगल प्ले बुक्स, मोफत आणि कायदेशीर, फक्त छापील. प्रत्येक पुस्तक शोधून खूण करा. तासाभराचं काम आहे.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून मिळतात. तिथे लोकप्रिय कादंबऱ्या, अनुवाद आणि लेखकांनी स्वतः प्रसिद्ध केलेली पुस्तकं बरीच आहेत. बुकगंगावर मराठी प्रकाशकांची ई-पुस्तकं आहेत, पण ती बुकगंगाच्याच ॲपमध्ये उघडतात. शोधताना नाव देवनागरीत टाका, मग रोमन लिपीतही टाकून पाहा. अनेक पुस्तकं दुकानात रोमन स्पेलिंगने चढवलेली असतात आणि देवनागरीत शोधल्यावर सापडत नाहीत.

यादी भरली की कुठला रकाना भरगच्च आहे ते दिसेल. यंत्राचा निर्णय तिथेच अर्धा होतो.

२. पडदा, आकार आणि दुकान

मुळात फोन असताना ई-रीडर कशाला? ई-रीडरच्या पडद्याला ई-इंक म्हणतात; त्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण असतात. वीज लागते ती पान बदलताना. एकदा कण जागेवर बसले की पान तसंच राहतं, म्हणून बॅटरी इतकी टिकते. या पडद्यावर दिव्याचा उजेड कडेकडून पानावर पडतो, फोनसारखा पडद्यामागून डोळ्यांत येत नाही. फोनवर आईच्या डोळ्यांत दहा मिनिटांत पाणी यायचं, यावर ती दीड तास वाचते.

आकारात मात्र लोक फसतात. "सहा इंची" म्हणजे कर्ण सहा इंच. प्रत्यक्ष पडदा जेमतेम साडेतीन इंच रुंद आणि पावणेपाच इंच उंच असतो. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकारात छापलेली असतात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. असं स्कॅन केलेलं पान सहा इंची पडद्यात बसवलं की ते जवळजवळ निम्म्यावर येतं आणि बारा पॉइंटचं अक्षर सातच्याही खाली जातं. सात इंची पडद्यावर ते आठच्या आसपास राहतं. दहा इंचांच्या वरच्या पडद्यावर पान जवळपास मूळ आकारात दिसतं.

ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलीचा एक खुला प्रकार) किंवा किंडलच्या पुस्तकांत अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, तिथे सहा-सात इंच पुष्कळ झाले. जुन्या पुस्तकांचे स्कॅन, विश्वकोशासारखे संदर्भग्रंथ, प्रबंध वाचायचे असतील तर दहा इंचांखाली जाऊ नका.

आता यंत्रांच्या जाती तीन. किंडल: वापरायला सर्वांत सोपा, पण दुकान एकच. कोबो आणि पॉकेटबुक: ईपब थेट उघडतात, फाइली आपल्या हातात राहतात, मात्र भारतात हमी आणि दुरुस्ती कोण करणार ते आधी विचारून घ्या. ओनिक्स बूक्ससारखी अँड्रॉइडवर चालणारी ई-इंक यंत्रं: यांवर प्ले स्टोअर चालतं, त्यामुळे किंडल, बुकगंगा, गूगल प्ले बुक्स अशी वेगवेगळी ॲपं एकाच यंत्रावर घालता येतात. किंमत जास्त, बॅटरी कमी टिकते आणि नवख्या माणसाला मेनू थोडे गोंधळात टाकतात.

माझं मत सांगते. यादीतली बारा-पंधरा पुस्तकं किंडलच्या रकान्यात असतील तर किंडल घ्या आणि पुढचा विचार थांबवा. यादी तीन-चार ठिकाणी विखुरली असेल, आणि गंभीर मराठी वाचकाची विखुरतेच, तर अँड्रॉइडवरचं यंत्र घ्या. पैसे थोडे जास्त जातील, पण लेखकाला त्याचे पैसे देऊन वाचायचे सगळे दरवाजे उघडे राहतील.

३. परतीची मुदत संपण्याआधी देवनागरी तपासा

पेटीवर "हिंदी चालते" असं लिहिलं म्हणजे मराठी नीट दिसेलच असं नाही. पहिल्याच दिवशी एक छोटी फाइल बनवून त्यात हे शब्द टाका आणि यंत्रावर उघडा:

दुसऱ्या, तऱ्हा, ऱ्हास, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, ज्ञानेश्वरी, शृंगार, ॲप, ऑक्टोबर

सगळ्यात आधी तुटतो तो "दुसऱ्या"मधला अर्धा र. य किंवा ह याच्या डोक्याजवळ छोटी कोयरी दिसायला हवी. तिच्या जागी पाय मोडलेला र आणि खाली नुक्ता दिसला तर फॉन्ट किंवा यंत्र मराठीला तयार नाही. "ॲ"च्या जागी रिकामा चौकोन आला तर फॉन्ट जुना आहे. ल आणि श यांच्याकडेही बघा. मराठी छपाईत त्यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात आणि लहानपणापासून डोळ्यांना तीच सवय असते. पाचशे पानं वाचायची असतील तर हा फरक किरकोळ राहत नाही.

उपाय सोपा आहे. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठी वळणांसाठीच बनवलेला आहे. मुक्ता आणि नोटो सेरिफ देवनागरी हेही चांगले. तिन्ही मोफत आणि कायदेशीर आहेत. किंडल किंवा कोबो संगणकाला जोडा, त्यातल्या fonts नावाच्या फोल्डरमध्ये (कोबोवर तो नसेल तर याच नावाने बनवा) फॉन्टची फाइल टाका आणि पुस्तक उघडून अक्षरांच्या मेनूतून निवडा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक पायरी जास्त ठेवा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडल्या की डोळे लवकर दमतात.

४. फाइल पाठवणं आणि पीडीएफचा सापळा

कॅलिबर हे कोविद गोयल या भारतीय विकसकाने २००६ मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर. पुस्तकांची नोंद, रूपांतर, यंत्रावर पाठवणं, सगळं त्यात होतं. फाइल पाठवण्याआधी पुस्तकाच्या माहितीत भाषा "मराठी" करा. इंग्रजी राहिली असेल तर फॉन्ट निवडताना घोळ होऊ शकतो.

किंडलवर ईमेलनेही फाइल पाठवता येते, मात्र ज्या पत्त्यावरून पाठवणार तो खात्यात परवानगीच्या यादीत घालावा लागतो. ते राहिलं की फाइल पोचत नाही आणि माणूस तासभर यंत्र बंद-चालू करत बसतो. किंडलच्या जुन्या, मोबी प्रकारच्या फाइली आता या मार्गाने चालत नाहीत. २०२२ पासून ईपब चालते, तीच पाठवा.

मराठी पीडीएफ ईपबमध्ये बदलायला निघाला असाल तर आधी एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच निवडता आलं नाही तर ते पानाचं नुसतं छायाचित्र आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. त्याचं रूपांतर केलंत तर तोच कचरा यंत्रावर दिसेल. मराठी आली तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागचे हललेले असतात. म्हणून पीडीएफ आणि ईपब दोन्ही उपलब्ध असतील तर ईपबच घ्या.

५. कोणतं पुस्तक मोफत उतरवता येतं?

"नेटवर आहे म्हणजे मोफत आहे" हा सर्वांत मोठा गैरसमज. भारतात १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात आणि ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. हिशेब करून पाहा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला मुक्त झालं. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचं २०१७ ला. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क आहेत. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांच्या कादंबऱ्या २०३७ ला मुक्त होतील. पु. ल. २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांच्या ज्या पीडीएफ सर्रास फिरतात, त्यांना २०६१ उजाडेपर्यंत मोकळीक नाही.

इथे काही खाचखळगे आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, म्हणून ती २०१३ ला मुक्त झाली. पण त्या पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि ती अजून मुक्त नाही. एकाच जिल्दीत दोन वेगळे हिशेब. अनुवादाचंही तसंच: मूळ रशियन लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असेल, पण मराठी अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतल्या टीपा संपादकाच्या असतात.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथला नियम बघावा. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात, त्यामुळे इथे मुक्त झालेलं पुस्तक तिथे बंद असू शकतं.

निर्धास्तपणे कुठून घ्यावं? मराठी विकिस्रोतावर मुक्त झालेली पुस्तकं स्वयंसेवकांनी टंकून, तपासून ठेवली आहेत आणि ती थेट ईपबमध्ये उतरवता येतात. ई-रीडरसाठी याहून सोयीचं काही नाही. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मोफत पुस्तकं देतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये खुली केली आहेत, आणि मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. इंटरनेट आर्काइव्हवर मराठी पुस्तकांचे हजारो स्कॅन आहेत, पण ते कुणीही चढवू शकतं. तिथे आधी लेखकाचं मृत्युवर्ष बघा, मगच उतरवा.

६. लेखकाचा हक्क शाबूत असेल तर

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. मराठी कथासंग्रहाची आवृत्ती पुष्कळदा त्याहून लहान असते: हजार, कधी पाचशे. म्हणजे ग्रुपवर टाकलेली एक पीडीएफ एका फटक्यात संपूर्ण आवृत्तीपेक्षा जास्त लोकांच्या हातात जाते. इंग्रजीतल्या लाखो प्रती खपणाऱ्या लेखकाचं त्याने काय होतं याचा वाद घालता येईल. मराठीत पाचशे प्रती संपल्या नाहीत तर दुसरी आवृत्ती निघत नाही, लेखकाच्या पुढच्या पुस्तकाला प्रकाशक मिळत नाही आणि मुद्रितशोधकाचे पैसे सर्वांत आधी कापले जातात. "वाचनसंस्कृती वाढते" असं म्हणत या पीडीएफ पाठवणाऱ्यांना मी आता हेच कळकळीने सांगते आणि मूळ पुस्तकाचा दुवा देते. दहातले दोन-तीन जण विकत घेतात.

कायदाही स्पष्ट आहे. जाणूनबुजून प्रताधिकाराचा भंग केला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण मी थांबले ती तुरुंगाच्या भीतीने नाही. त्या लेखिकांचं पुस्तक विकत घेतलं तेव्हा मागच्या पानावर त्यांचा पत्ता होता. त्यांना पत्र लिहून झालेलं सांगितलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं: "आईंना पुस्तक कसं वाटलं ते कळवा." ते कार्ड माझ्याकडे आहे.

सगळंच इतकं सरळ नसतं. पुस्तक वर्षानुवर्षं छापलं गेलेलं नाही, ई-पुस्तक नाही, लेखक गेलेत, प्रकाशन बंद पडलंय, मग? मी या क्रमाने जाते: आधी प्रकाशकाला किंवा वारसांना फोन, मग वाचनालय, मग जुन्या पुस्तकांचे विक्रेते. फोनला कमी लेखू नका. पाच जणांनी विचारलं म्हणून पुस्तक पुन्हा छापायला घेतात. विकत घेतलेल्या छापील प्रतीची पानं स्वतःच्या डोळ्यांसाठी स्कॅन करून घरातच वाचली तर मला त्यात गैर वाटत नाही. ती फाइल दुसऱ्याला पाठवली की मात्र ती गोष्ट बदलते.

अंध किंवा अल्पदृष्टी असलेल्यांसाठी नियमच वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत बनवायला परवानगी दिली, आणि याच विषयावरच्या माराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा भारत २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. सुगम्य पुस्तकालय हे त्यांचं ऑनलाइन ग्रंथालय आहे. घरात कुणाला गरज असेल तर आधी तिथे नोंदणी करा.

७. विकत घेतलेलं ई-पुस्तक किती आपलं?

बहुतेक दुकानं पुस्तक विकत नाहीत, वाचण्याचा परवाना देतात. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली, कारण ती विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं; पैसे परत मिळाले, पुस्तकं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रावर टाकण्याची सोयही बंद झाली.

म्हणून मी वाटणी केली आहे. एकदा वाचून संपणारं ई-पुस्तक घ्यायचं. पुन्हा पुन्हा उघडायचं, मुलांना द्यायचं ते छापील. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी यंत्र घेताना ते कुणाच्या खात्यावर नोंदवायचं हे आधी ठरवा. वेगवेगळ्या खात्यांवर विखुरलेली पुस्तकं नंतर एकत्र करता येत नाहीत.

आईच्या त्या आठ पुस्तकांचं असं झालं. तीन पहिल्याच यंत्रावर वाचून झाली. मग मी दहा इंची अँड्रॉइड यंत्र घेतलं, त्यावर ॲपवरची दोन आली. एक विकिस्रोतावर सापडलं, अक्षर मोठं करून तिने चार दिवसांत संपवलं. लेखिकांचं पुस्तक छापील घेतलं, तिच्या उशाशी आहे. आठव्याची शेवटची आवृत्ती पन्नास वर्षांपूर्वीची आहे. प्रकाशकांकडे नाव नोंदवून ठेवलंय आणि महिन्यातून एकदा पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात विचारून येते.